सफरचंदाचं पाणी आणि बटरचा गारवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की रविवारच्या पुरवण्यांत सफरचंद-दालचिनीच्या पेस्ट्रीची 'झटपट' कृती हमखास येते. साचा ठरलेला असतो. पफ पेस्ट्रीचे चौकोन कापा, किसलेल्या सफरचंदात साखर आणि दालचिनी कालवून भरा, 180 अंशांवर 20 मिनिटं भाजा. या कृतीबरहुकूम केलेली पेस्ट्री वरून तांबूस दिसते, पण खालून ओल्या पावासारखी गिचगिचीत निघते. ट्रेमध्ये पाक आणि बटर यांचं तळं साचतं, आणि करणारा माणूस ओव्हनला दोष देतो. ओव्हनचा दोष त्यात फार थोडा असतो. दोष असतो कृतीतून गाळलेल्या दोन गोष्टींचा, आणि त्या छापल्या जाव्यात एवढ्यासाठी हे पत्र.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे पेस्ट्री म्हटलं की क्रीम लावलेला केकचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. ही पेस्ट्री ती नव्हे. ही खारीच्या आणि बेकरीतल्या पॅटिसच्या जातकुळीतली. मैद्याच्या पदरांमध्ये स्निग्धाचे पदर असतात आणि भाजताना ते सुटतात. चौकोनाची घडी घालून त्रिकोण केला की इंग्रज त्याला टर्नओव्हर म्हणतात. फ्रान्समध्ये असाच अर्धगोल प्रकार असतो, पण त्यात दालचिनी सहसा नसते. दालचिनीचा भर खरा ऑस्ट्रिया-जर्मनीकडचा, श्ट्रुडेल नावाच्या गुंडाळलेल्या पेस्ट्रीमधला. पॅटिसचा अनुभव इथे दिशाभूल करतो. पॅटिसमधली बटाट्याची भाजी कोरडी असते, तिचा स्टार्च उरलंसुरलं पाणी धरून ठेवतो. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं आणि ते धरून ठेवायला स्टार्च जवळपास नसतो.

साखर लागली की हे पाणी बाहेर येतं. खमंग काकडीत मीठ अगदी वाढायच्या वेळी का घालायचं, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल. किसलेल्या फळाला साखर लावली की दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी रस जमतो. तो रस ओव्हनमध्ये पिठात मुरतो, खालचे पदर भिजून एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेला पदर फुलत नाही. म्हणून पहिला नियम: सारण आधी शिजवायचं, आटवायचं, पूर्ण गार करायचं आणि मगच भरायचं. किसायचं तर अजिबात नाही, एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे.

8 पेस्ट्र्यांसाठी सफरचंद घ्यायचं 500 ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची तीन. सालं आणि गाभा गेल्यावर साधारण 400 ग्रॅम उरतं. 50 ग्रॅम साखर, 15 ग्रॅम बटर, दोन चहाचे चमचे लिंबाचा रस. पसरट कढई किंवा तवा घ्यायचा, पातेलं नाही, आणि झाकण तर मुळीच ठेवायचं नाही. बटर वितळलं की मोठ्या आचेवर तुकडे तीन-चार मिनिटं परतायचे, मग साखर आणि लिंबाचा रस. रस सुटेल, उकळेल, दाट होईल. एकूण आठ ते दहा मिनिटं. कालथा कढईच्या तळावर ओढला की मागे राहिलेली कोरडी वाट तीन-चार सेकंद तशीच राहायला हवी. ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटतो: कढईतला ऐवज 300 ग्रॅमच्या आसपास आला की गॅस बंद. सारण ताटात पसरून गार करायचं, वाडग्यात ढीग करून नाही, कारण ढिगातली वाफ पुन्हा पाणी होऊन खाली बसते.

लिंबाचा रस फक्त चवीला नसतो. आंबट पडलं की फळाच्या पेशी लवकर विरघळत नाहीत. चिंच आधी घातली तर भाजी शिजायला वेळ लागतो, तोच प्रकार. बाजारात वर्षभर मिळणारं लाल डिलिशियस हे गोड, कमी आंबट आणि लवकर भुसभुशीत होणारं फळ आहे. कच्चं खायला छान, शिजवायला लबाड. त्यात लिंबू कमी पडलं तर दहा मिनिटांत मुरंबा. हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तम, ते आंबटही असतं आणि तुकडाही धरतं. लिंबू मग अर्धं करा आणि साखर 10 ग्रॅम वाढवा. गोल्डन डिलिशियस मधलं. ऑक्टोबरच्या सुमाराला येणारं किन्नौरचं टणक सफरचंद या कामाला चांगलं. उन्हाळ्यात मिळणारी देशी फळं शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेली असतात, त्यामुळे घेताना एक फळ कापून बघावं. फोड वाकवली की 'कट्' करून मोडली पाहिजे. वाकली तर त्याची शिकरण करा, पेस्ट्री नको.

श्ट्रुडेल करणाऱ्यांनी पाण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. ते सफरचंद कच्चंच भरतात, पण त्याखाली लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरतात. चुरा रस पितो, पीठ कोरडं राहतं. (पीठ मात्र इतकं पातळ ताणतात, की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं असं म्हणतात. कोणतं वर्तमानपत्र, ते संपादकांनी ठरवावं.) ही युक्ती आपणही उचलावी. शिजवलेल्या सारणाखालीसुद्धा प्रत्येक चौकोनावर अर्धा चमचा चुरा टाकावा. बेकरीतला टोस्ट कुटून, चमचाभर बटरवर खमंग परतला की झाला चुरा. टोस्ट नसेल तर भाजलेला बारीक रवा चालतो, पण तो दाताखाली कचकचतो. कॉर्नफ्लोअर कालवायचा सल्लाही बऱ्याच ठिकाणी असतो. त्याने पाणी कमी होत नाही, नुसतं घट्ट होतं, आणि सारणाला कस्टर्डचा चिकटपणा येतो. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे.

आता दालचिनी. किराणा दुकानात दालचिनी म्हणून मिळते ती बहुधा कॅसिया, म्हणजे जाड, टणक, एकेरी गुंडाळी असलेली साल. खरी सिलोनी दालचिनी पातळ, अनेक पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली असते आणि बोटांनी चुरडते. कॅसिया तिखट आणि भडक, सिलोनी मवाळ, थोडी गोडसर. सिलोनी जातीची दालचिनी कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं 'कोकण तेज' हे वाण नारळी-पोफळीच्या बागांत मसाल्याचं आंतरपीक म्हणून लावतात. मिळाली तर तीच घ्यावी. वरच्या मापाला सिलोनी असेल तर सव्वा चहाचा चमचा सपाट, कॅसिया असेल तर पाऊण. जास्त घातली तर सफरचंदाची चव हरवते आणि जीभ तुरट होते. दळताना साल तोडून कृतीतल्याच साखरेबरोबर मिक्सरमधून काढावी. साखरेचे कण तिला बारीक करायला मदत करतात. मग बारीक चाळणीतून चाळावी.

मात्र ही साखर रस सुटल्यावर घालू नये. दालचिनीचा वास तेलकट असतो, पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त उतरतो. शिवाय पूड नुसत्या पातळ रसात पडली तर तिचा बुळबुळीत धागा सुटतो. म्हणून तुकडे बटरवर परतून होत आले, रस अजून सुटायचा आहे, त्या वेळी दालचिनीची साखर घालायची आणि लिंबू त्यामागून. चिमूटभर जायफळ आवडत असेल तर घाला. वेलची नको, ती घातली की सगळं करंजीच्या वाटेला लागतं.

दुसरी गाळलेली गोष्ट बटरचं तापमान. पदर सुटतात ते वाफेमुळे. विकतच्या बटरमध्ये 80 टक्के स्निग्ध आणि 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं. ओव्हनच्या तीव्र आचेत या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वरचा पदर उचलते, आणि मधलं स्निग्ध दोन पदरांना चिकटू देत नाही. हे व्हायचं तर बटर पिठात मिसळून न जाता पदरासारखं वेगळं राहिलं पाहिजे, म्हणजे ओव्हनमध्ये जाईपर्यंत ते थंड हवं. लोण्यातलं स्निग्ध 32 ते 35 अंशांना वितळतं आणि मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. मे महिन्यातला ओटा म्हणजे त्याच्यासाठी तवाच.

इथे हटकून विचारलं जातं की तूप का नाही? तुपात पाणी नसतं. साट्याच्या करंजीत आणि चिरोट्यात आपण तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा लावतो, पदर वेगळे राहतात, तळणीत सुटतात आणि खुसखुशीत होतात. ते तंत्र आपल्या जागी थोरच आहे, पण त्याचा पदर वेगळा: चुरचुरीत, ठिसूळ, कमी फुगणारा. पफचा पोकळ फुगवटा नुसत्या तुपाने येत नाही. घरच्या लोण्यात उलटा त्रास. पाण्याचं प्रमाण दरवेळी वेगळं आणि लाटताना त्यातून थेंब सुटतात. बेकऱ्या खारीसाठी जास्त तापमानाला वितळणारं मार्गारिन (तेलांपासून केलेलं बटरसारखं स्निग्ध) वापरतात, म्हणून त्यांचं काम भर उन्हाळ्यात चालतं आणि म्हणूनच काही खाऱ्यांचा टाळूला मेणचट थर बसतो.

पीठ असं. मैदा 200 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 150 ग्रॅम, बर्फाचं पाणी 90 मिलिलिटर, त्यातच एक चहाचा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, पाव चमचा मीठ. खारं पिवळं बटर असेल तर वेगळं मीठ अजिबात नको. त्यात 3 टक्क्यांपर्यंत मीठ असतं, एवढ्या पिठाला ते पुरून उरतं. बटरचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मैद्यात टाका, प्रत्येक तुकडा मैद्याने माखला की बोटांच्या चिमटीत एकदाच चपटा करा. चोळायचं नाही. शंकरपाळ्याला मोहन चोळायची सवय हाताला असते, ती इथे विसरावी लागते. चोळलं की बटर मैद्यात शिरतं आणि पदरांऐवजी बिस्किट होतं. पाणी घालून जेमतेम गोळा करा. गोळा खडबडीत, ठिकठिकाणी बटरचे पांढरे-पिवळे चट्टे असलेला, थोडा कोरडा दिसला पाहिजे. पोळीच्या कणकेसारखा मऊसूत झाला तर काम बिघडलं. मैदा फारच सुटा राहिला तर आणखी एक मोठा चमचा पाणी, त्याहून जास्त नाही. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये.

मग 15 बाय 40 सेंटिमीटरची पट्टी लाटायची, चिठ्ठीची घालतो तशी तिपदरी घडी घालायची, एक चतुर्थांश फिरवायची, पुन्हा लाटायची, पुन्हा तिपदरी. अशा दोन घड्या झाल्या की अर्धा तास फ्रीज. पुन्हा दोन. चार घड्यांचे हिशेबाने 81 पदर होतात. प्रत्यक्षात बटर तुकड्यातुकड्यांनी असल्यामुळे ते तुटक असतात, पण घरच्या पेस्ट्रीला तेवढे भरपूर झाले. पहिली घडी भयंकर दिसते. कडा फाटतात, बटर डोकावतं, सगळं सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नका, तिसऱ्या घडीला पीठ गुळगुळीत होतं. लाटणं मागेपुढे रगडायचं नाही. आधी दाबत दाबत पीठ पसरवायचं, मग हलक्या हाताने लाटायचं. पीठ मागे आखडायला लागलं तर जोर न लावता फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण ताणलेला ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) विश्रांती मागत असतो. जोराने लाटलेले चौकोन ओव्हनमध्ये आक्रसून शंख होतात.

ग्रॅनाइटचा ओटा असेल तर तुम्ही नशीबवान. बर्फ भरलेलं स्टीलचं ताट दहा मिनिटं त्यावर ठेवा, उचला, ओटा कोरडा पुसा आणि मग लाटा. बटर लाटण्याला चमकून चिकटायला लागलं की थांबायचं आणि पिठाला तडक फ्रीजमध्ये धाडायचं. फ्रीझरमध्ये मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. बटर फार कडक झालं तर लाटताना त्याचे काचेसारखे तुकडे होऊन पदर फाडतात.

शेवटी 3 मिलिमीटर जाडीची 25 बाय 50 ची पोळी लाटायची आणि चारी कडा धारदार सुरीने कापून टाकायच्या. कड कापणं ही नासाडी वाटते, पण दाबलेल्या कडेचे पदर उघडत नाहीत. सुरी ओढायची नाही, वरून खाली दाबून कापायची. उरलेल्या 24 बाय 48 मधून 12 सेंटिमीटरचे बरोबर 8 चौकोन निघतात. कापलेल्या कडा एकावर एक रचून, थोडी दालचिनीची साखर भुरभुरून भाजल्या की चहाबरोबर संपतात. गोळा करून मळू नका, पदर जातील.

प्रत्येक चौकोनावर आधी चुरा, त्यावर सपाट दोन मोठे चमचे सारण, साधारण 35 ग्रॅम. याहून जास्त भरायचा मोह होतोच, आणि फुटलेल्या पेस्ट्रीमागे बहुतेक वेळा तोच असतो. दोन कडांना पाण्याचं ओलं बोट लावून त्रिकोण करा, कड बोटाने घट्ट दाबून काट्याने खुणा करा. कातणीने कापायचं तर अगदी कडेला. मुरड घालू नका. करंजीला मुरड शोभते, पण इथे तिचा जाड दोर आतून कच्चा राहतो. वर तीन बारीक चिरा पाडा, त्यातून वाफ जाते. त्या विसरलात तर वाफ स्वतःची वाट काढते, आणि ती नेमकी सांध्यातून काढते. वरून दूध किंवा दूध-साय लावा, अंडं खाणाऱ्यांनी फेटलेलं अंडं. ब्रश कापलेल्या बाजूला लागू देऊ नका, तिथे ओघळ आला की पदर गोंदासारखे चिकटतात. भाजण्याआधी भरलेल्या पेस्ट्र्या पुन्हा 20 मिनिटं फ्रीजमध्ये.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) 210 अंशांवर, दोन्ही रॉड सुरू, 15 ते 20 मिनिटं आधी तापवा. आतला ट्रेही तापू द्या आणि बटरपेपरसकट पेस्ट्र्या त्या गरम ट्रेवर सरकवा. तळ कुरकुरीत होण्याचं निम्मं श्रेय या गरम ट्रेचं. जाळी खालच्या खाचेत. पहिली 12 मिनिटं 210, मग 190 वर आणखी 10 ते 13. दार पहिल्या 12 मिनिटांत उघडायचं नाही. 180 अंशांचा जो आकडा छापला जातो, तो केकचा आहे. त्या आचेवर वाफ जोर धरण्याआधी बटर वितळून बाहेर येतं, ट्रेमधलं तळं त्याचंच. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे माथा लवकर लाल होतो. तसं झालं तर फॉइल झाका, पण बाहेर काढू नका. झाल्याची खूण माथ्यावर बघायची नसते. कालथ्याने उचलून खालचा रंग बघा, तो बिस्किटासारखा हवा, आणि बाजूचे पदर ओले-तुकतुकीत न दिसता कोरडे दिसायला हवेत. घरगुती ओटीजीचा काटा 10-20 अंशांनी खोटं बोलू शकतो. आत ठेवायचा थर्मामीटर घेतला तर पुढच्या बऱ्याच पदार्थांचं कोडं सुटतं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हला 200 अंश आणि बुटकी जाळी, वेळ तेवढाच. एअर फ्रायरमध्ये 170 वर 12 मिनिटं, मग उलटवून चार-पाच. पंख्याच्या झोताने वरचा पदर कधी कधी टोपीसारखा उडतो, त्याला इलाज नाही. कढईत मीठ तापवून केलेली पेस्ट्री खाण्याजोगी होते, पण वर रंग चढत नाही आणि फुगवटाही निम्मा येतो. त्यापेक्षा हेच सारण साट्याच्या करंजीत भरून तळावं. फक्त सारण आणखी दोन मिनिटं आटवून, काट्याने थोडं चेचून घ्यावं. ओलं सारण तेलात फुटलं तर हात भाजतो.

एवढं लाटायचं नसेल तर ओळखीच्या बेकरीत पॅटिसचं कच्चं शीट विचारून बघावं, काही ठिकाणी वजनावर देतात. दुकानात मिळणारं गोठवलेलं शीट रात्रभर फ्रीजमध्ये सैल करावं, ओट्यावर ठेवून नव्हे. दोन्हीच्या पाकिटावर किंवा तोंडी एवढंच विचारावं की आत बटर आहे की मार्गारिन.

आता पुरवणीकडे मागणं. कृती छापताना मापं ग्रॅममध्ये द्या. एका घरची वाटी 120 मिलिलिटरची, दुसरीकडची 200 ची. तोच कप मैदा हलका भरला तर 120 ग्रॅम, दाबून भरला तर 150, आणि या पिठाला 30 ग्रॅमचा फरक सोसत नाही. सफरचंदाचं वजन सालीसकट की सोलून, तेही लिहा. तापमानाबरोबर जाळी कुठे, रॉड कोणते, हे एका ओळीत मावतं. आणि 'झटपट' हा शब्द विचार करून वापरा. यात हाताचं काम तासाभराचं, पण फ्रीजमधली वाट पाहणं दोन तासांचं आहे. ती वाट गाळून कृती सोपी होत नाही.

वेळ वाचवायचाच असेल तर तो असा वाचतो: भरलेल्या, न भाजलेल्या पेस्ट्र्या ताटात सुट्या मांडून दोन तास फ्रीझरमध्ये कडक करायच्या, मग पिशवीत. महिनाभर टिकतात. पाहुणे आले की बर्फासारख्याच थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालायच्या, दूध तेव्हाच लावायचं, वेळ पाच-सहा मिनिटं जास्त. भाजलेल्या मात्र डब्यात झाकून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर सात-आठ मिनिटं गरम कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या तर त्या चामड्यासारख्या वातड होतात.

आपली,
एक वाचक, ठाणे